ताट कोणाचे, तपासणी कोणासाठी?

गोंदिया येथे मच्छीमार सहकारी संस्थांचे कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन



गोंदियाला समुद्र नाही. न्हावाशेवाचे बंदर इथून सुमारे हजार किलोमीटरवर. निर्यातीच्या व्यवहारात या जिल्ह्याचे नाव निघते ते भातामुळे, माशामुळे नव्हे. मग गोठवलेल्या मासळीची तपासणी आणि तिला मिळणारे आरोग्य प्रमाणपत्र हा विषय रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मांडायचा सोडून इथे कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो रास्त आहे.

याचे उत्तर देण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारी कागदांत ज्यांना ‘सागरी उत्पादने’ म्हणतात, त्यांतला मोठा हिस्सा सागरातून येतच नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतातून सुमारे १६ लाख ९८ हजार टन सागरी उत्पादने परदेशी गेली. त्यांची किंमत ६२,४०८ कोटी रुपये होती. पैकी ४३ हजार कोटींहून अधिक रकमेची होती ती गोठवलेली कोळंबी. ही कोळंबी प्रामुख्याने आंध्र, गुजरात, ओडिशा, तामिळनाडू या किनारी राज्यांतल्या शेततळ्यांत वाढते. म्हणजे अमेरिकेतल्या गृहिणीच्या फ्रीजमध्ये जाणारा हा जीव मुळात तळ्यातला आहे. तळ्याचे पाणी, तळ्यात पडणारे खाद्य, तळ्याकाठचा माणूस आणि त्याची वही यांवर त्याचे भवितव्य ठरते. आणि तळ्यांच्या बाबतीत गोंदियाला कोणी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे येथे सांगण्याची गरज नाही. पण पुण्या-मुंबईचा वाचक या शब्दाने हमखास गोंधळतो. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्याच परंपरेतला. कोहळ्यांनी पाणी अडवले आणि ढिवरांनी त्या पाण्यातला मासा जाणला. नवेगावला वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये निवर्तले. पाणपक्षी आणि मासे यांच्याविषयीचे कितीतरी ज्ञान आपल्याला ढिवरांकडून मिळाले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. हे ज्ञान तोंडी आहे. कागदावर त्याची नोंद नाही. आजच्या विषयाचा गाभा नेमका तोच आहे.

आता निर्यातीकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतीय मालाविषयी परदेशात तक्रारी होत्या. त्यावर उपाय म्हणून १९६३ साली निर्यात गुणवत्ता नियंत्रण व तपासणी कायदा झाला आणि त्यान्वये निर्यात निरीक्षण परिषद अस्तित्वात आली. पुढे मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे तिच्या निरीक्षण संस्था उभ्या राहिल्या. सुरुवातीची पद्धत साधी होती. माल तयार होऊन खोक्यांत भरला की निरीक्षक येई, काही खोकी उघडे, नमुने घेई, वास, रंग, वजन, आकार पाही, प्रयोगशाळेचा अहवाल आला की शिक्का मारी. तांदळाच्या पोत्यात बोथी खुपसून मूठभर दाणे काढावेत, तसे हे काम.

या पद्धतीत दोष निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. दोष हिशेबाचा होता. हजार खोक्यांतली दहा उघडली आणि ती चांगली निघाली, तर उरलेल्या नऊशे नव्वदांविषयी आपण अंदाजच करत असतो. सगळी उघडावीत, तर विकायला काही उरत नाही. गंमत अशी की हाच पेच अमेरिकेच्या अंतराळ संशोधन संस्थेला १९६०च्या दशकात पडला होता. अंतराळवीराला यानात अतिसार झाला तर काय करायचे? त्याच्यासाठी बनवलेल्या अन्नाचा प्रत्येक घास तपासायचा, तर त्याला खायला शिल्लक काय राहणार? पिल्सबरी या अन्नउत्पादक कंपनीच्या साहाय्याने त्यांनी विचाराची दिशाच उलटी केली. तयार माल तपासत बसण्यापेक्षा तो बनताना कोणत्या पायरीवर काय बिघडू शकते ते आधी शोधायचे, त्यांतल्या निर्णायक पायऱ्यांवर मर्यादा ठरवायच्या, त्या मर्यादा पाळल्या गेल्या की नाही याची वेळोवेळी नोंद करायची. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हॅसप’ म्हणतात. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ती वेगळ्या नावाने नांदत होती. पण तिथे नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.

भारतीय मासळी उद्योगाने हा धडा स्वतःहून गिरवला असे मात्र म्हणता येणार नाही. युरोपच्या नव्या नियमांना धरून १९९५ साली केंद्राने मत्स्योत्पादनांच्या गुणवत्ता नियंत्रणाचे नियम केले. कागद झाला, कारखाने बहुतांशी होते तसेच राहिले. मग १९९७ उजाडले. काही मालात रोगजंतू सापडले, युरोपीय पथकाने येथील कारखाने पाहिले आणि त्याला जे दिसले ते समाधानकारक नव्हते. १ ऑगस्ट १९९७पासून युरोपीय समुदायाने भारतीय मासळीची आयात थांबवली. बांगलादेशवरही तशीच बंदी आली. पावसाळा सरत आलेला, नारळी पौर्णिमा तोंडावर, नौका समुद्रात उतरण्याच्या बेतात, आणि माकुल विकत घेणारी मोठी बाजारपेठ बंद. डिसेंबरात बंदी उठली, पण सरसकट नव्हे. ज्या कारखान्यांची व्यवस्था तपासून भारतीय यंत्रणेने हमी दिली, त्यांनाच दार उघडले. त्याच डिसेंबरात अमेरिकेतही मासळीसाठी हॅसपचा नियम लागू झाला.

त्या चार-पाच महिन्यांत जो धक्का बसला, त्याने आधीच्या तीस वर्षांत न घडलेले घडवले. आज मान्यताप्राप्त कारखान्यात कोळंबी आली की पहिल्या दारातच तिच्या अंगाचे तापमान पाहतात. धुण्याचे पाणी पिण्याच्या दर्जाचे, बर्फही त्याच पाण्याचा. कामगाराचे पाय जंतुनाशकाच्या हौदातून, हात साबणातून. सोलणे, पाठीचा दोरा काढणे, एका पौंडात किती नग बसतात त्यानुसार प्रतवारी, मग उणे ३५ ते ४० अंशांच्या गोठणयंत्रात प्रवेश. गोठलेल्या कोळंबीवर पाण्याचा पातळ थर देतात. तोच बर्फ होऊन तिला सुकण्यापासून राखतो. नंतर शीतगृह, जिथे तापमान उणे १८ अंशांच्या वर जाता कामा नये. तिथले यंत्र दिवसरात्र तापमानाची रेघ ओढत असते. रात्री दोन वाजता वीज गेली आणि पारा चढला, तर ती रेघ चढते, आणि निरीक्षक महिन्याने आला तरी त्याला ती दिसते. मालात आतड्याचा ताप आणणाऱ्या कुळातला साल्मोनेला हा जंतू पंचवीस ग्रॅमच्या नमुन्यात एकही सापडून चालत नाही.

या सगळ्याच्या शेवटी निरीक्षण संस्थेचा अधिकारी आरोग्य प्रमाणपत्रावर सही करतो. त्या कागदावर माशाचे शास्त्रीय नाव, कारखान्याचा मान्यता क्रमांक, खोक्यांची संख्या, वजन, पेटाऱ्याचा आणि सीलचा क्रमांक असतो. वरवर पाहता तो एक कागद. प्रत्यक्षात तो एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला दिलेला शब्द असतो. हॅम्बर्गच्या बंदरावर माल नापास झाला, तर नाव कारखानदाराचे जातेच, पण त्याच्या आधी देशाचे जाते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या सुधारणेची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. पूर्वी किनाऱ्यावरच्या वस्त्यांत, पडवीत, छोट्या शेडमध्ये बसून बाया कोळंबी सोलत. ती पद्धत आरोग्याच्या निकषांवर टिकणारी नव्हती, हे खरे. पण सोलण्याचे काम कारखान्याच्या भिंतीआड गेले, तेव्हा ज्यांच्याकडे भांडवल होते ते तरले आणि कितीतरी लहान शेड बंद पडल्या. दर्जा वाढवताना दुबळ्याला बरोबर कसे न्यायचे, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नाही. गोंदियात काही करायचे तर ही चूक पुन्हा होता कामा नये.

कारखाने सुधारले, तरी कथा संपली नाही. २००२च्या सुमारास युरोपने भारतीय कोळंबीत नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांचे अंश पकडले. ही औषधे कारखान्यात मिसळली गेलेली नव्हती. तळ्यातला रोग थोपवण्यासाठी दिलेल्या औषधांतून आली होती. आज युरोपची या द्रव्यांवरची कारवाईची मर्यादा अशी आहे की नायट्रोफ्युरानचा अंश किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपर्यंत पोचला तरी माल अडकतो. म्हणजे किती? दहा टनी शंभर ट्रक कोळंबीने भरावेत आणि त्या सगळ्यांत मिळून अर्धा ग्रॅम द्रव्य असावे, इतके. शीतगृहातली कोणतीही काळजी हा अर्धा ग्रॅम काढू शकत नाही. २०१६ साली तर युरोपने भारतीय मत्स्यशेतीच्या मालातले तपासणीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेले. आणखी एक प्रकरण जपानचे. २०१२ साली तिथे भारतीय कोळंबीत एथॉक्सिक्विन सापडले. तळेवाल्याने ते टाकले नव्हते. कोळंबीच्या खाद्यातली मासळीची भुकटी खवट होऊ नये म्हणून भुकटी बनवणाऱ्याने ते वापरले होते. कोणत्या पोत्यातले खाद्य कोणत्या तळ्यात कधी पडले, हे ज्याच्या वहीत होते तो निभावला. बाकीच्यांनी नशिबाला दोष दिला.

परदेशी निकष म्हणजे निव्वळ आरोग्याची काळजी, असे मानण्याइतके भाबडे आपण असू नये. जपानने एथॉक्सिक्विनची मर्यादा आधी अतिशय कठोर ठेवली आणि २०१४च्या जानेवारीत स्वतःच ती वीसपट सैल केली. आरोग्याचा प्रश्न इतका निकडीचा होता, तर तो दीड वर्षात सैल कसा झाला? अमेरिकेने समुद्री कासवांच्या रक्षणाचे कारण देऊन कोळंबीची वाट अडवली, तेव्हा भारताने मलेशिया, थायलंड आणि पाकिस्तानसह जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली होती; त्याचा निवाडा १९९८चा. असे झगडे चालूच राहतील आणि ते लढलेच पाहिजेत. पण १९९७ साली युरोपने जे बोट दाखवले, ते घाणीवर दाखवले होते. त्या वेळी ‘हे तर आपल्याविरुद्ध कारस्थान’ म्हणून हात झटकले असते, तर आज हा व्यापार बासष्ट हजार कोटींवर गेला नसता.

भाताचा अनुभव याहून वेगळा नाही. करप्यावर फवारल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लाझोलची मर्यादा युरोपने २०१८पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि उत्तरेकडच्या बासमतीला घाम फुटला. युरोपला जाणाऱ्या तांदळालाही मासळीप्रमाणे निर्यात निरीक्षण परिषदेचेच प्रमाणपत्र लागते. इथल्या गिरणीमालकांना हे ठाऊक असेल. बांधावरच्या ढिवराला जे ठाऊक हवे ते असे की धानाच्या बांधीत फवारलेले औषध पावसाच्या पाण्याबरोबर बोडीत आणि तलावात उतरते. शेत एकाचे, मासा दुसऱ्याचा, पाणी मात्र एकच.

आता मुख्य मुद्दा. परदेशी ताटासाठी एवढी व्यवस्था उभी राहिली. आपल्या ताटाचे काय? त्याच तळ्यातला, त्याच हंगामातला माल निर्यातीला नापास झाला, तर तो जातो कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. २०१८च्या जूनमध्ये केरळच्या सीमेवरील नाक्यांवर फॉर्मेलिन लावलेली हजारो किलो मासळी पकडली गेली. लगेच जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीने खळबळ उडाली आणि सरकारला बाहेरून येणारी मासळी काही दिवस थांबवावी लागली. फॉर्मेलिन म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात ते द्रव्य. मासळीच्या व्यवसायात ते येते याचे कारण सोपे आहे: बर्फ महाग पडतो आणि वाट लांब असते.

बर्फाचीही कथा आहे. कारखान्यात यंत्रे थंड ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ कोणत्याही पाण्याचा असू शकतो. तो पाहून खाण्याचा कोणता, न खाण्याचा कोणता, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून २०१८च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने असा आदेश काढला की न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळावा. अतिशय शहाणपणाचा, अल्पखर्ची उपाय. गोंदियाच्या बाजारात मासळीच्या टोपलीखाली जो बर्फ असतो, तो पांढरा आहे की निळा, आणि पांढरा असेल तर तो खरोखर पिण्याच्या पाण्याचा आहे का, हे पाहणे ग्राहकाला अशक्य नाही. त्यासाठी सरकारी अधिकारीच यावा लागतो असेही नाही.

विदर्भाच्या बाजारांत आज कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडच्या तळ्यांतला रोहू आणि कटला मोठ्या प्रमाणावर येतो. क्रेटमध्ये बर्फ भरून, रात्रीचा दिवस करून ट्रक येतात. तो मासा वाईटच असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथले मत्स्यशेतकरी कष्टाळू आणि हुशार आहेत. पण तो कोणत्या तळ्यातला, केव्हा काढलेला, वाटेत बर्फ किती वेळा बदलला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. याउलट अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या संस्थेचा मरळ पहाटे जाळ्यात येतो आणि दुपारच्या आत बाजारात पोचतो. कोणाचा तलाव, कोणाचे जाळे, किती वाजता, हे सारे गावाला ठाऊक असते. युरोपच्या प्रमाणपत्रासाठी कारखानदार लाखो रुपये खर्चून जी साखळी सिद्ध करतो, ती ढिवराकडे जन्मजात आहे. फक्त ती लिहिलेली नाही. आणि लिहिलेली नाही म्हणून बाजारात तिला किंमत नाही. ट्रकमधला मासा आणि तलावातला मासा एकाच दराच्या पाटीखाली बसतात. कधी कधी तर तलावातल्या माशालाच दोन रुपये कमी, कारण तो दुपारपर्यंत विकला नाही तर ठेवायला बर्फ नाही, हे अडत्याला पक्के माहीत असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा हा सौदा कसा होतो ते ढिवराच्या घरात विचारावे.

पाण्याच्या बाजूने याच भागात काम झालेले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ढिवरांना सोबत घेऊन तलावांतला बेशरम उपटला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांना घर परत मिळवून दिले. स्वच्छ, जिवंत तलाव ही प्रमाणपत्राची पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या जाळे ओढल्यानंतरच्या आहेत, आणि त्यांना फारसे भांडवल लागत नाही. माशाच्या वजनाइतका बर्फ, तोही पिण्याच्या पाण्याचा. मासा जमिनीवर नव्हे, धुतलेल्या क्रेटमध्ये. डोंगा आणि क्रेट वापरानंतर रोज धुणे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या आहेत. २०१८पासून त्या लोकांसमोर आहेत. अशी पट्टी ग्राहकासमोर, त्याच्याच हाताने माशावर लावू द्यावी. ज्याच्या टोपलीत लपवण्यासारखे काही नाही, त्याला त्यात भय नाही.

आणि एक वही. तारीख, तलावाचे नाव, बोटुकली कुठून आणून केव्हा सोडली, तलावात खाद्य किंवा औषध टाकले असेल तर कोणते, जाळे ओढल्याची वेळ, मासा आणि वजन, बर्फ कोणत्या कारखान्याचा, बाजारात पोचल्याची वेळ. एवढे रकाने पुरेत. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी ही वही भरू शकते, आणि भरावीच. घरच्या धंद्याकडे पाहण्याची त्यांची नजर त्याने बदलेल. क्रेटवर वहीतला क्रमांक खडूने लिहावा. ग्राहकाने विचारले तर वही उघडून दाखवावी. पहिले काही महिने कोणी विचारणार नाही, हे धरून चालावे. शहरातल्या दहा-वीस कुटुंबांनी ठरवून विचारायला सुरुवात केली तर चित्र लवकर बदलेल. इथे बसलेल्यांपैकी मासे खाणाऱ्यांची संख्या त्याहून नक्कीच मोठी आहे.

सही कोणाची, हा प्रश्न संस्थांच्या बैठकीत निघेल. सचिवाची एकट्याची सही घेऊ नये. जाळे ओढणाऱ्याची घ्यावी, आणि बाजारात टोपली घेऊन बसणारी बहुधा त्याच्याच घरातली बाई असते, तिचीही घ्यावी. ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर तिलाच द्यायचे आहे.